दारावर आलेली बस

भाईदासच्या द्वारदर्शनाला, म्हणजे तो गेल्यावरच्या दुखवट्याच्या भेटीला, परदेशी लोकांची बस आली, तेव्हा मी बाहेर सतरंजीवर बसलेलो होतो. म्हणून झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गल्लीत आता ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो सांगतो. कोणी म्हणतं टीव्हीवाले होते, कोणी म्हणतं मंदावहिनींनीच बोलावले. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी गल्लीत नव्हते आणि उरलेले फोटो काढण्यात गुंतलेले होते.

भाईदास माझा शेजारी, भिंतीला भिंत. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेला साधा माणूस. एका सकाळी मोरीत दात घासताना खाली बसला तो उठलाच नाही. मुलगा नाही. एकुलती एक मुलगी पुनम, तिचे दिवस भरलेले. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू दिलं नाही, त्यामुळे बापाच्या मातीलाही तिला येता आलं नाही. घरात उरले ते त्याची बायको मंदावहिनी, थोरली बहीण भिकुबाई अक्का आणि पुतण्या सुयश. घर भाईदास आणि त्याच्या मयत भावाचं, म्हणजे अर्धं सुयशचं. माती होऊन आठवडा उलटला नाही तोच अक्कांनी वहिनींना सांगून टाकलं, की पुढची मोठी खोली आता सुयशला लागेल, तुम्ही मोरीमागच्या खोलीत सामान हलवा. त्या खोलीला खिडकी नाही. तिथं आजवर गोवऱ्या आणि जुने डबे राहत होते.

वहिनी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या भावाची वाट पाहत होत्या.

त्यांचं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांचं. भाऊ झुलाल, त्याला सगळे नाना म्हणतात. बहीण-भावात दहा-बारा वर्षं बोलणं नव्हतं आणि त्याला कारण पुनमचं लग्न. आमच्याकडे लग्नात नवरीमागे मामा उभा राहतो. झुलाल बाग तोडून, ट्रक भरून निघाला तो पारोळ्याजवळ गाडी बंद पडून अडकला. इकडे भाईदासचा मुहूर्त टळत चालला. त्यानं मला हाताला धरलं आणि नवरीमागे नेऊन उभं केलं. उभा राहा म्हणाला, राहिलो. झुलाल मंडपात शिरला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि त्याच्या जागी मी फेटा बांधून घाम पुसत होतो. तो पाणीही न पिता परत गेला. त्यानंतर ना दिवाळी, ना राखी, ना आखाजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात; वहिनी दर वर्षी त्या दिवशी माहेरच्या वाटेकडे बघायच्या आणि भाईदासवर चिडायच्या. माझ्यावर मात्र कधी चिडल्या नाहीत.

आता नवरा गेल्यावर माहेरचं लुगडं यावं लागतं. ते भावानं आणायचं. विधवेच्या अंगावर पहिलं कापड पडायचं ते माहेरचं, आणि ते पडेपर्यंत तिनं ओट्याची पायरी उतरायची नाही. भाऊ दारात आला की बहिणीनं त्याच्या गळ्यात पडून रडायचं. आधी तिनं रडायचं, मग त्यानं तोंड उघडायचं. मागचं काही वाकडं असेल तर ते त्या रडण्यात निघून जातं, त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. पण बहीण रडली नाही, तर तिनं भावाला दारातून परत लावलं असा त्याचा अर्थ. हे कुठं लिहिलेलं नाही. धुळ्यापासून रावेरपर्यंत कोणत्याही बाईला विचारा, ती सांगेल.

आदल्या दिवशी यावलहून निरोप आला, की नाना येत आहेत, जीप ठरवली आहे. वहिनींनी मला खिडकीशी बोलावलं. रडून रडून डोळे बारीक झालेले, पण चेहरा उजळला होता.

"भाऊ, नाना येऊ राह्यले. मले नेतीन ते. भावजयनं सांगितलं फोनवर, म्हने माडीवरची खोली झाडून ठेवली."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"एक सांगू? रागावू नका. तुम्ही उद्या जरा मागं बसा. नानाच्या नजरेले पहिले तुम्ही पडू नका."

मी हसलो. त्याही हसल्या. नवरा गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू असावं, आणि मी दुसऱ्या दिवशी खरोखरच सतरंजीच्या पार मागच्या टोकाला, खांबाआड बसलो.

आता सुयश. हा एका इंजिनीअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाहीतर बेकार. त्या आठवड्यात त्यांच्याकडे मोठी कॉन्फरन्स होती. माणसाचा आवाज यंत्राला कसा कळेल यावर देशोदेशीचे विद्वान येऊन बोलत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना धुळं दाखवायचं होतं आणि ते काम सुयशच्या गळ्यात पडलं होतं. आमचं जुनं धुळं एका इंग्रज कॅप्टनानं दोरी धरून आखलेलं. गल्ल्या सरळ, त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आम्हाला त्याचं कधी कौतुक वाटलं नव्हतं, पत्ता सांगायला सोपं पडतं एवढंच. पण कॉलेजनं त्याची हेरिटेज फेरी केली, रंगीत कागदावर छापली, आणि त्यात शेवटी घातलं होतं, 'एका पारंपरिक कुटुंबाला भेट'. हे कुटुंब म्हणजे भाईदास. तो जिवंत असताना कबूल झाला होता. वहिनी अंगणात खापर मांडून मांडे करून दाखवणार होत्या आणि भाईदास नवी टोपी घालून नमस्कार करणार होता.

तो मेला. कागद तसाच राहिला. द्वारदर्शन नेमकं त्याच दिवशी आलं तेव्हा मी सुयशला विचारलं, "अरे, पाहुण्यांचं काय?"

"काही नाही काका, बाहेरूनच घर दाखवतो नि पुढे नेतो. पाच मिनिटं," तो म्हणाला. "प्राचार्य सर स्वतः सोबत आहेत. ऐन वेळी फेरी बदलली तर म्हणतील, याला एक काम धड जमत नाही."

द्वारदर्शनाला बाया आत बसतात, पुरुष बाहेर. आतल्या बायांनी पदर डोक्यावर घेऊन मान खाली घालायची. बाहेर पावलं वाजली की गळा काढायचा. कोण आलं ते बघायचं नाही, आधी रडायचं; नावगाव मागाहून. येणाऱ्या बायाही गल्लीच्या तोंडापासून रडत येतात. सकाळपासून असे सात-आठ गावचे लोक येऊन गेले होते आणि आतल्या बाया दमल्या होत्या. जेवणवेळ झाली. झुलालची जीप अमळनेरच्या पुढे आल्याचा फोन आला. वहिनींनी तोंड धुतलं, पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कॉलेजची बस थांबली आणि तीसेक माणसं उतरून चालत आली. गळ्यात पट्टे, डोक्यावर कॉलेजनं वाटलेल्या पांढऱ्या टोप्या. गोरे होते, काळे होते, आपले बंगळूर-हैदराबादचे होते. सुयश पुढे उलटा चालत हातवारे करून इंग्रजीत काहीतरी सांगत होता. भाईदासच्या ओट्यासमोर येऊन ते सगळे थांबले. तीस जोडी बूट वाजले.

आतून एकदम आकांत उठला.

बायांची काही चूक नव्हती. त्यांनी पावलं ऐकली आणि पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या तेच केलं. पाहुणे दचकले. एक उंच गोरा माणूस हसून हात जोडू लागला, त्याला वाटलं हे आपलं स्वागत आहे. मग बंगळूरच्या एकानं त्याला कानात सांगितलं, तेव्हा त्याचं हसू गेलं आणि मोबाइल वर आला. सुयशचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं तिथून त्यांना हलवलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती.

पण कोण आलं ते कळावं म्हणून खिडकीतून अक्कांनी मला विचारलं, "कोन उनं रे मोतीलाल? कोन गावना शेतस?"

"परदेशना शेतस, अक्का."

"भाईदाससाठे?"

मी नाही म्हणणार होतो. सुयश माझ्या आधी बोलला. "हो अक्का, काकांसाठीच आलेत."

आमच्याकडे मेलेल्या माणसाची पत दारापुढच्या गाड्यांवरून ठरते. कोण किती लांबून आलं याची चर्चा वर्षभर चालते. अक्कांच्या सख्ख्या जावेच्या वेळी नंदुरबारहून दोन ट्रॅक्टर आले होते, ते अक्कांनी मनात ठेवलेलं होतं. आता त्यांच्या भावाच्या दारात विलायत उभी होती.

"दखा व बाया!" त्या आत ओरडल्या. "मन्हा भाऊना दारले विलायतना मानसे उनात! रडा, मोकळं रडा!"

आणि बाया अशा रडल्या की माझ्याही अंगावर काटा आला.

पाहुण्यांत एक क्लारा मॅडम होत्या. पिकलेले केस, हळू बोलणं. त्यांनी बूट काढले, आत जाऊन बायांच्यात जमिनीवर बसल्या आणि त्यांचेही डोळे भरून आले. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. ती बाहेर आली आणि सुयशशी बराच वेळ बोलली. सुयशनं ते आम्हाला मराठीत सांगितलं. मॅडम एक यंत्र करत आहेत. फोनवर मदत मागणारा माणूस खरंच दुःखात आहे की नाटक करतोय, ते त्या यंत्रानं आवाजावरून ओळखायचं. त्यासाठी खऱ्या रडण्याचे नमुने लागतात आणि त्यांच्याकडे माणसं अशी मोकळ्यानं रडतच नाहीत. आत एक बाई वेगळ्या बोलीत रडतेय, तिचा आवाज फार खरा आहे, ती एकटी रडेल का?

ती बाई म्हणजे मंदावहिनी. चाळीस वर्षं धुळ्यात काढली तरी बाई रडते ती माहेरच्या बोलीत.

सुयश आत गेला. मी खिडकीशी होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"काकी, फक्त दोन मिनिटं. मॅडमना तुमचा आवाज घ्यायचाय."

"आता नको रे. नाना येतीन."

"ते येईपर्यंत होऊन जाईल. काकी, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. प्राचार्य बाहेर उभे आहेत."

"मंदा, ऊठ," अक्का म्हणाल्या. "पोरगं हात जोडस तरी तू दारलेच नजर लाई बठस. उद्या याच पोरनं तुले भाकर देवानी शे."

मला राहवलं नाही. मी खिडकीतून म्हणालो, "सुयश, बाईला बसू दे गुमान. तिचा भाऊ येतोय."

तो वळला. "मोतीकाका, तुम्ही मध्ये पडू नका. एकदा त्यांच्या भावाच्या जागी उभे राहिलात, तेवढं पुरे झालं."

बायांनी माना वर केल्या. मी खांबाआड येऊन बसलो.

पहिल्यांदा वहिनी रडल्या ते खरं होतं. इतर बायांना गप्प केलं होतं, सुयशनं आपला मोबाइलही रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता आणि त्या एकट्या रडत होत्या. "असे कसे गेले वो... मले न सांगता कसे गेले... अथी मले कोनी नही वो..." मग भाईदासवरून भावावर आल्या. "नाना रे, माह्या नाना रे, वाट पाहू पाहू डोये थकले रे..." रस्त्यावरचे बूटवाले माना खाली घालून उभे. क्लारा मॅडमनी कानाला लावलेला हेडफोन काढला आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. सुयश म्हणाला, "फार छान, काकी. फक्त पंखा चालू होता, त्याची घरघर आलीय. एकदाच परत."

पंखा बंद केला. वहिनी पुन्हा रडल्या. या वेळी कुकरची शिट्टी झाली, तीही आमच्याच घरातून. माझ्या बायकोनं धावत जाऊन गॅस बंद केला. मग आत आवाज घुमतो असं निघालं, म्हणून वहिनींना ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. ज्या बाईनं ओट्यावर कधी पुरुषांसमोर खुर्ची घेतली नाही, ती तीस माणसांसमोर उन्हात बसली आणि सुयशनं तिच्या पदराला छोटा माईक अडकवला. पुन्हा. मग एक रिक्षा गेली. पुन्हा. वहिनींचा आवाज बसत चालला होता. डोळ्यांतून पाणी येईनासं झालं. त्या मधेच थांबून गल्लीच्या तोंडाकडे पाहायच्या आणि सुयश त्यांना इकडे बघा म्हणायचा.

शेवटी क्लारा मॅडमनी मान हलवली. सुयश खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"काकी, मॅडम म्हणतात आता खरं वाटत नाहीये. तुम्ही काकांची आठवण काढा ना. मोरीत कसे पडले होते ते आठवा. ब्रश हातात तसाच होता, तोंडाला फेस होता. तुम्ही हाका मारल्यात, आठवतं का?"

हे त्यानं मॅडमना इंग्रजीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या बाईनं त्याला थांबवलं असतं असं मला आजही वाटतं.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या छातीतून जे निघालं त्याला मी रडणं म्हणणार नाही. त्यात शब्द नव्हते. एकच आवाज, लांब, आणि तो संपेपर्यंत त्यांचं सगळं अंग खुर्चीत हललं. तो संपल्यावर त्या रिकाम्या पोत्यागत मागे टेकल्या. मॅडमनी डोळे पुसले आणि अंगठा वर केला. झालं होतं.

तेव्हा हैदराबादच्या कोणीतरी टाळी वाजवली. एकानं वाजवली म्हणून दुसऱ्यानं वाजवली, आणि मग सगळ्यांनी. प्राचार्यांना काय वाटलं देव जाणे. कॉलेजच्या माणसाला टाळ्या ऐकल्या की हात आपोआप शालीकडे जातो. बसमध्ये पाहुण्यांच्या सत्कारासाठी ठेवलेल्या शाली होत्या. त्यांनी एक मागवली, उलगडली आणि वाकून मंदावहिनींच्या खांद्यावर टाकली. मोरपंखी रंगाची, जरीकाठी. हातात नारळ दिला. फोटोसाठी सगळे जवळ सरकले.

गल्लीच्या तोंडाशी बायांचं रडणं ऐकू आलं. यावलची जीप आली होती.

झुलाल पुढे, मागे त्याची बायको आणि चार बाया, पदर तोंडाला लावून. तो म्हातारा झाला होता. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. पाहुण्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि मोबाइल त्याच्याकडे वळवले. तो ओट्यापाशी आला आणि थांबला. मी खांबाआडून त्याला पाहत होतो. त्याचे डोळे गच्च भरलेले होते. बहिणीनं नुसता हुंदका दिला असता तरी तो कोसळला असता.

मंदावहिनी उठल्या. नारळ खाली पडला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आवाज नाही, पाणी नाही. घशातून नुसती हवा. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. डोळे कोरडे, लाल. मी त्यांच्या हातभर अंतरावर होतो म्हणून मला ऐकू आलं, त्या "नाना" म्हणत होत्या. पण तेवढ्यात सुयश मध्ये वाकला आणि त्यांच्या पदराचा माईक सोडवू लागला. महागाची वस्तू, पडेल म्हणून.

झुलाल उभाच राहिला. रीतीप्रमाणे त्यानं बोलायचं नव्हतं. तो वाट पाहत होता. त्याच्या बायकोचं रडणं थांबलं. त्यानं बहिणीच्या कोरड्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावरच्या नव्या कोऱ्या शालीकडे पाहिलं, टोपीवाल्यांकडे पाहिलं. शेवटी खांबाआडचा मी त्याला दिसलो. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. तो वळला.

वहिनी त्याच्यामागे झेपावल्या. अक्कांनी त्यांचा दंड धरला. "पायरी उतरू नको व! अंगवर लुगडं पडनं नही आजून!"

"सोडा," वहिनींचे ओठ हलले. अक्कांनी सोडलं नाही. आतून दोन बाया आल्या आणि त्यांनीही धरलं. त्या काही दुष्टपणानं धरत नव्हत्या. पायरी उतरलेल्या विधवेला माहेर परत घेत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी सुयशचं मानगूट पकडलं आणि त्याला जीपच्या दिशेनं ढकललं. "जा, सांग त्याला. तूच सांग." मी त्याच्यामागे दहा पावलांवर राहिलो, कारण मी पुढे गेलो असतो तर होतं तेही बिघडलं असतं.

सुयश जीपपाशी पोचला तेव्हा झुलाल आत बसत होता. "मामा, थांबा. काकी रडल्यात हो. खूप रडल्यात. माझ्याकडे आहे, ऐका," असं म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला आणि लावला.

गल्लीच्या तोंडाशी वहिनींचा आवाज उठला. नाना रे, माह्या नाना रे, वाट पाहू पाहू डोये थकले रे. झुलालचा हात जीपच्या दारावर थबकला. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. म्हाताऱ्यानं एक पाय खाली टाकला. आता उतरतो, मला वाटलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

सुयशला तिथं बंद करायची अक्कल सुचली नाही. मोबाइल चालूच राहिला. फार छान काकी, एकदाच परत. मग पुन्हा नाना रे. मग पुन्हा. मग मोरीत कसे पडले ते आठवा. मग तो लांब आवाज, आणि त्याच्यामागे टाळ्या. टाळ्या बराच वेळ चालल्या.

झुलालनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे कोनासाठी रडली व्हती ती?"

"या मॅडमसाठी," सुयश म्हणाला. "म्हणजे रेकॉर्डिंगसाठी."

"अस्सं. मंग माह्यासाठी काही उरलं नही तिच्यापाशी."

रागानं नाही म्हणाला. बाजारात माल संपला असं कळल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाला. पाय आत घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरला चल म्हणाला. जीप सरळ गल्लीतून सरळ निघून गेली. आमच्या गल्ल्या इतक्या सरळ आहेत, की ओट्यावरून ती पार चौकापर्यंत दिसत राहिली असणार.

बसही गेली. जाण्याआधी क्लारा मॅडमनी वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी फार मायेनं बोलल्या. प्राचार्यांनी सुयशच्या पाठीवर थाप मारली. त्याचं काम पुढच्या जूनला पक्कं झालं, हे मला मागाहून कळलं.

उन्हं उतरल्यावर बाहेरची सतरंजी गुंडाळली. आत बाया चहा पीत होत्या. कोणाच्या पोरीची सोयरीक, कोणाच्या गुडघ्याचं दुखणं, असं बोलणं चाललं होतं. अक्का सांगत होत्या, विलायतच्या बाईनं भाईदासच्या फोटोला कसे हात जोडले. मंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शाल अजून खांद्यावरच होती, काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

आणि मग त्यांना रडू फुटलं. घसा मोकळा झाला होता, पाणी भरून आलं होतं. "नाना रे," त्या म्हणाल्या, "नाना रे, मले ने रे..." मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

अक्कांनी सवयीनं कप खाली ठेवला, पदर डोक्यावर ओढला, गळा काढायला तोंड उघडलं आणि दाराकडे पाहिलं. इतर बायांनीही पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"कोनीच नही उनं व मंदा," अक्का म्हणाल्या. "उगी राय आते. कोनले ऐकाडस?"

वहिनी थांबेनात. अक्कांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून त्यांना दंडाला धरून उभं केलं, मोरीमागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि दार ओढून घेतलं. त्या आता तिथंच राहतात.